छोट्या डब्यातला ऑप्टिप्लेक्स ३०६०: गेमिंगसाठी कुठलं ग्राफिक्स कार्ड बसेल?

नवखा_रामबाग

नमस्कार मंडळी. घरी रिफर्बिश्ड डेल ऑप्टिप्लेक्स ३०६० आहे, तो छोटा एसएफएफ (स्मॉल फॉर्म फॅक्टर) डबा. आय५-८५००, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डबीच्या) लेबलवर २०० वॉट लिहिलंय. मॉनिटर जुना, १०८०पी, पण फक्त व्हीजीएवाला. धाकट्या भावाला व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळायचंय, जमलं तर सायबरपंकसुद्धा. बजेट २० हजार, ओढूनताणून २२.

इंदूरात तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एक म्हणे जीटी ७३० चार जीबीवालं टाका, सगळं चालेल. दुसऱ्याने ६ पिनची वेगळी पॉवर लागणारं जीटीएक्स १६५० काढलं. ती पॉवर साटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) वायरीला कन्व्हर्टर लावून देतो म्हणाला. तिसरा म्हणाला एसएमपीएसच बदला, ४५० वॉटचा घाला. कोणाचं ऐकू? की हा डबा विकून दुसराच बघू?

वॉट_मोजा

तिघांचंही नको.

जीटी ७३० ची 'चार जीबी' ही फक्त खोक्यावर छापायची गोष्ट. ती मेमरी जुनी डीडीआर३, तीही ६४-बिट बसवर. कार्डातली चिप इतकी अशक्त आहे की त्या चार जीबीचा उपयोग करायची वेळच येत नाही. तुमच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सपेक्षा, म्हणजे यूएचडी ६३० पेक्षा, फार पुढे नाही, त्यात पैसे घालू नका. जीटी १०३० कोणी दाखवलं तर आधी मेमरी विचारा. जीडीडीआर५ वाल्याची बँडविड्थ (डेटा ने-आणीचा वेग) सेकंदाला ४८ जीबी, डीडीआर४ वाल्याची जेमतेम १६.८. नाव एकच, खोकं जवळपास सारखं.

साटाचा कन्व्हर्टर तर हातात धरून परत द्या. साटाच्या पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. एकूण साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॉट. ६ पिनच्या प्लगवर कार्ड ७५ वॉटपर्यंत मागू शकतं. शिवाय ३०६० मध्ये साटाची पॉवर थेट एसएमपीएसमधून येत नाही, बोर्डातून निघते. म्हणजे हा सगळा भार बोर्डावरच्या बारीक ट्रेसवर, म्हणजे तांब्याच्या रेघांवर, पडणार. कार्ड सुरू होईल, अर्धा तास खेळही चालेल. मग प्लगचं प्लास्टिक मऊ पडतं, वास येतो आणि बोर्ड जातो.

४५० वॉटचा साधा एटीएक्स एसएमपीएस १५० × ८६ × १४० मिलिमीटरचा असतो. तुमच्या डब्यात तो मावतच नाही, आणि बोर्डाला नेहमीचा २४ पिनचा प्लगही नाही, डेलचा स्वतःचा आहे. कन्व्हर्टर केबल मिळते, पण मग एसएमपीएस डब्याबाहेर टेबलावर ठेवावा लागेल. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर विचारही करू नका.

आता हिशोब. प्रोसेसर ६५ वॉट, क्षणभर त्याहून थोडा वर जातो. बोर्ड, रॅम, पंखा, डिस्क मिळून २५-३० धरा. २०० मधून हे वजा करून थोडी मोकळीक ठेवली की कार्डासाठी ७५ वॉट उरतात. कार्ड ज्यात बसतं तो पीसीआयई स्लॉटसुद्धा कमाल ७५ च वॉट देतो, त्यातले १२ व्होल्टवर फक्त ६६. त्यामुळे नियम सोपा: ज्या कार्डाला वेगळा पॉवर प्लग आहे ते तुमचं नाही. बाकीचं डबा ठरवेल.

अर्धी_पट्टी

वॉट_मोजांच्या पुढचं लिहितो. कार्ड लो-प्रोफाइलच हवं. मागच्या लोखंडी पट्टीची उंची साधारण ८ सेंटिमीटर. नेहमीच्या कार्डाची १२ असते. नवं कार्ड घेताना छोटी पट्टी खोक्यात आहे ना ते दुकानातच उघडून बघा. वापरलेल्या कार्डांबरोबर ती हमखास हरवलेली असते आणि सुटी शोधताना नाकी नऊ येतात.

मग बाजूचं झाकण काढा आणि लांब स्लॉट नेमका कुठे आहे ते बघा. कार्डाचा पंखा ज्या बाजूला येणार त्या बाजूला आणखी एक स्लॉट मोकळा आहे, की लगेच एसएमपीएसची भिंत? पट्टीपासून आतपर्यंत लांबीही मोजा, डिस्कचा ट्रे खाली बसवलेल्या स्थितीत. ट्रे उघडा ठेवून मोजलं की माप चुकतं, झाकण लावताना कार्ड ट्रेवर अडतं.

दोन स्लॉटची जाडी मावत असेल तर पर्याय दोन: जीटीएक्स १६५० चं लो-प्रोफाइल मॉडेल, ७५ वॉट, प्लग नसलेलं, किंवा आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती, ७० वॉट, तीही लो-प्रोफाइल मिळते. ३०५० म्हणताना '६ जीबी' दोनदा म्हणा, कारण ८ जीबीवाल्याला वेगळा पॉवर प्लग लागतो. बजेटमध्ये बसलं तर ३०५० च. १६५० पेक्षा बरंच पुढे आहे, डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी सोय) मिळतं, आणि सायबरपंक खेळायचा तर ४ जीबीपेक्षा ६ जीबीत टेक्श्चर मोकळे राहतात.

एकच स्लॉट मोकळा असेल तर लोक आरएक्स ६४०० सुचवतील. ५३ वॉट, एका स्लॉटचं, दिसायला अगदी तुमच्यासाठीच केल्यासारखं. पण ते फक्त चार लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, स्लॉट कितीही लांब असो. ते पीसीआयई ४ साठी बनवलंय, तुमचा बोर्ड ३ चा, म्हणजे त्या चार लेनचाही वेग निम्मा. कार्डाची ४ जीबी भरेपर्यंत जाणवत नाही, भरली की खेळ अडखळतो. आणि त्यात व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्डिंगची चिप) नाही, गेम रेकॉर्ड करायचा तर ते काम प्रोसेसरवर.

माझ्या मते एका स्लॉटात त्याहून बरा पर्याय एनव्हिडियाचं टी१०००. वर्कस्टेशनचं कार्ड असल्यामुळे गेमवाले त्याकडे बघत नाहीत. पण त्यात १६५० इतकेच ८९६ कोअर आहेत, फक्त ५० वॉट, लांबी साधारण १५.६ सेंटिमीटर, आणि १६ लेन पूर्ण. क्लॉक थोडं कमी, म्हणून १६५० च्या जरा मागे राहतं. ४ आणि ८ जीबी अशा दोन्ही आवृत्त्या आहेत. नवं महाग पडतं, ऑफिसातून निघालेलं वापरलेलं बघा.

नवखा_रामबाग

धन्यवाद! झाकण काढलं. लांब स्लॉटच्या पंख्याच्या बाजूला अंगठ्याएवढीही जागा नाही. म्हणजे एका स्लॉटचंच. १०५० टीआय कमी किमतीत मिळतंय, ते चालेल का? आणि कार्डाआधी काय करू?

अर्धी_पट्टी

१०५० टीआय राहू द्या. लो-प्रोफाइल मॉडेल आहेत, पण बहुतेक दोन स्लॉट जाडीची, तुमच्याकडे बसणार नाहीत. आणि ते ज्या पास्कल पिढीचं आहे, त्या कार्डांचे गेम ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, आता फक्त सुरक्षा अपडेट येतात. टी१००० पुढच्या ट्यूरिंग पिढीचं आहे, त्याला ते लागू नाही.

वापरलेलं घ्याल तर इंदूरातला सिल्व्हर मॉल असो की जेल रोड, दुकानातच मशीनवर लावून जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडायला सांगा. जुन्या कार्डाचा बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नव्या नावाने विकायचा धंदा जुना आहे. असं एनव्हिडियाचं कार्ड असेल तर जीपीयू-झेड नावापुढेच 'फेक' लिहून दाखवतं. मग पंधरा मिनिटं फरमार्क, म्हणजे कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी. स्क्रीनवर ठिपके, चौकोन किंवा पट्टे दिसले की उठून चालू पडा.

जिरावण

कार्डाआधी रॅम आणि एसएसडी, नक्की. एकच स्टिक म्हणजे सिंगल चॅनेल. प्रोसेसर मेमरीसाठी ताटकळतो आणि फ्रेम मधूनच गचके खातात. सरासरी आकडा चांगला दिसत असला तरी हात लगेच ओळखतो. दुसरी ८ जीबीची स्टिक घ्या: डीडीआर४, २६६६, डेस्कटॉपची लांब स्टिक, २८८ पिनांची. लॅपटॉपची छोटी नको. आणि स्वस्त मिळते म्हणून सर्व्हरमधून निघालेली 'रजिस्टर्ड' रॅम तर अजिबात नको: स्लॉटमध्ये नीट बसते, मशीन मात्र सुरू होत नाही. गेमिंगवाल्या हीटसिंकच्या महागड्या स्टिकचाही उपयोग नाही. या बोर्डाच्या बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) नसतं, ती मूळ कमी वेगावरच चालते. बसवल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' समोर दोनपैकी दोन दिसायला हवेत.

एसएसडी एनव्हीएमई (बोर्डावरच्या एम.२ स्लॉटमध्ये बसणारी), ५०० जीबीची, जेन ३ म्हणजे पीसीआयई ३ ची. जेन ४ चे जास्तीचे पैसे या बोर्डावर फुकट. रिफर्बिश्ड मशीनमध्ये एम.२ चा बारका स्क्रू बहुधा गायब असतो, तो दुकानातूनच मागून घ्या. स्क्रूशिवाय एसएसडी तिरपी उभी राहते, आणि मग टेप लावणारे महाभागही पाहिलेत.

विंडोज ११ नव्याने टाका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तुमचा प्रोसेसर ११ च्या यादीत आहे. पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरे. क्रम मात्र चुकवू नका. आधी फाइल्सचा बॅकअप, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर बायोसला हात लावल्यावर तीच मागत बसेल. मग एफ२ ने बायोसमध्ये जा: बूट मोड यूईएफआय, लेगसी ऑप्शन रॉम बंद, टीपीएम (सुरक्षा चिप) चालू, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सेटिंग) चालू. साटा ऑपरेशन 'रेड ऑन' असेल तर 'एएचसीआय' करा. हेच लोक विसरतात, आणि इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नाही म्हणून दुकानात परत करायला जातात. जुनं विंडोज तसंच ठेवून हा बदल केला तर मात्र निळा स्क्रीन येतो. त्यासाठी आधी सेफ मोडला टिक करून, बदल करून, एकदा सेफ मोडमध्ये उघडून मग टिक काढावी लागते. तुम्ही नव्याने टाकताय, तेव्हा ती कटकट नाही.

इन्स्टॉल करताना जुन्या हार्ड डिस्कची वायर काढून ठेवा. नाहीतर विंडोज बूटचं पार्टिशन तिच्यावर टाकतं, आणि पुढे डिस्क गेली की चांगली एसएसडी असून मशीन उघडत नाही.

सिक्युअर बूट आणि टीपीएम भावासाठीसुद्धा लागणारच. विंडोज ११ वर व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड (चीटिंग रोखणारा प्रोग्राम) दोन्ही तपासतं. 'व्हॅन ९००१' असा एरर आला तर टीपीएम बघा, 'व्हॅन ९००३' आलं तर सिक्युअर बूट.

टॉवरवाला

मला हे सगळं डबक्यात पोहणं वाटतं. डबा विका, त्याच पिढीचा साध्या एटीएक्स एसएमपीएसचा टॉवर घ्या आणि आरएक्स ६६०० टाका. ८ जीबी, १३२ वॉट, ८ पिनचा एकच प्लग. सायबरपंक खरोखर चांगला चालेल.

वॉट_मोजा

सायबरपंकच मुख्य असता तर मीही हेच म्हटलं असतं. पण व्हॅलोरंट आणि जीटीए ५ ला हा डबा पुरतो, आणि टॉवर, एसएमपीएस, कार्ड, रॅम मिळून २२ हजारांत बसणं अवघड. शिवाय इथे घेतलेली रॅम आणि एसएसडी पुढच्या डीडीआर४ मशीनमध्ये जशीच्या तशी नेता येते. सायबरपंक टी१००० वर लो सेटिंग आणि एफएसआर (डीएलएसएससारखीच सोय, पण एएमडीची) लावून खेळायचा, त्याहून जास्त अपेक्षा नको.

नवखा_रामबाग

ठरलं, १६ जीबी, एसएसडी, मग टी१०००. शेवटचे दोन प्रश्न. मॉनिटर व्हीजीए आहे, त्याचं काय? आणि मे महिन्यात आमची वरची खोली भट्टी होते, तापणार का?

अर्धी_पट्टी

टी१००० वर चार मिनी-डिस्प्लेपोर्ट असतात, व्हीजीए नाही. मिनी-डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए अडॅप्टर घ्या. आत चिप असते, १०८०पी ६० हर्ट्झ आरामात. मात्र मॉनिटरची वायर कार्डालाच लावा. बोर्डाच्या पोर्टला लावून 'कार्ड चालत नाही' म्हणणारे दर आठवड्याला भेटतात. ते तेव्हा यूएचडी ६३० वरच खेळत असतात. पुढेमागे एचडीएमआय मॉनिटर घेतलात तर साधा मिनी-डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय अडॅप्टर पुरतो.

जिरावण

तापणार, पण आवरता येतं. रिफर्बिश्ड मशीनमधली प्रोसेसरची पेस्ट बहुधा खडूसारखी वाळलेली असते. मशीन दहा मिनिटं चालवून कोमट करा, बंद करून प्लग काढा, मग हीटसिंकचे स्क्रू तिरपे-तिरपे थोडे थोडे सैल करा. एकाच बाजूचा पूर्ण काढू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाटाण्याएवढी पेस्ट मध्ये, स्क्रू पुन्हा तिरपेच आवळा. पंख्यामागच्या पत्र्यांच्या फटीत धुळीचा नमदा बसलेला असतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, वाऱ्याने सुसाट फिरलं तर बेअरिंग जातं.

डबा भिंतीला किंवा कपाटात चिकटवू नका, पुढची जाळी मोकळी हवी. खोली ४० अंशांवर गेली की आतलं तापमान जवळपास तितक्याच फरकाने चढतं. प्रोसेसरची हद्द १०० अंश आहे, खेळताना ८५ च्या आत राहिला तर ठीक. वर जात असेल तर गेममध्येच फ्रेम ६० वर बांधा. मॉनिटर ६० हर्ट्झचाच आहे, त्यावरच्या फ्रेम तुम्हाला दिसणारही नाहीत, कार्ड मात्र त्या बनवण्यात तापतं.

आणि पेस्ट, धूळ, रॅम, कार्ड सगळं एका दिवशी करू नका. एकेक बदल, मध्ये एकदा मशीन चालू करून बघा. पॉवरचं बटण पिवळं लुकलुकलं तर लुकलुकणं मोजून इथे लिहा.