ध्यानवर्गाच्या पत्रकात काय छापावं?

चाफेकळी
आमच्या सोसायटीत ज्येष्ठांसाठी ध्यानवर्ग सुरू करायचं घाटतंय. पत्रकाच्या मसुद्यात लिहिलंय: रोज २० मिनिटं ध्यान केल्यास आठ आठवड्यांत मेंदूतला करडा भाग (ग्रे मॅटर) वाढतो, रक्तदाब उतरतो, झोप लागते, नैराश्य जातं, गोळ्या सुटतात. यातलं काय ठेवावं, काय कापावं? अनुभव नकोत, चाचण्यांवर बोला.

गवतीचहा
गोळ्यांचं वाक्य आधी कापा.

बाकीच्यांसाठी एकच प्रश्न लावा: तुलना कोणाशी? एका गटाला ध्यान आणि दुसरा नुसता प्रतीक्षायादीत, अशी मांडणी असली की ध्यान हमखास जिंकतं. दर आठवड्याला चार माणसं भेटतात, कोणीतरी विचारपूस करतं, बरं वाटेल अशी आशा असते; हे सगळं ध्यानाच्या खात्यावर जमा होतं. म्हणून गोयल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकातल्या आढाव्यात दुसऱ्या गटालाही काहीतरी दिलेलं असेल अशाच ४७ चाचण्या घेतल्या, सुमारे साडेतीन हजार माणसांच्या. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत छोटा ते मध्यम फरक दिसला. झोप, एकाग्रता, वजन यांबाबत पुरावा अपुरा, किंवा फरकच नाही. व्यायाम वा औषधापेक्षा ध्यान सरस ठरल्याचं दिसलं नाही.

कातळकडा
सरस नाही, पण बरोबरीचं असणं काय कमी आहे? २०२२ मध्ये 'जामा सायकायट्री'त आलेली चाचणी पाहा. चिंताविकाराचे २७६ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट: एकाला जॉन कबट-झिन यांनी बांधलेला ध्यानाचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम, दुसऱ्याला एस्सिटालोप्राम हे चिंता-नैराश्यावरचं औषध, १० ते २० मिलिग्रॅम. आठ आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. मात्र ध्यानाचा 'डोस' बघा: आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक दिवसभराचं सत्र आणि घरी रोज ४५ मिनिटं. तुमच्या २० मिनिटांना हा निकाल चिकटवता येणार नाही.

गोळ्यांच्या दाव्यालाही मूळ आहे. २०१५ च्या 'लॅन्सेट'मधल्या चाचणीत तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलेले ४२४ रुग्ण होते. ध्यानाधारित उपचार घेत गोळ्या हळूहळू कमी करणाऱ्यांत दोन वर्षांत ४४ टक्क्यांचा आजार उलटला, गोळ्या चालू ठेवणाऱ्यांत ४७ टक्क्यांचा.

गवतीचहा
तिथे गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी केल्या होत्या. पत्रक वाचून माणूस सोमवारपासून बंद करतो. शिवाय ४४ टक्क्यांचा आजार उलटलाच ना!

मोरपंखी
मेंदूचा दावाही काढाच. तो प्रामुख्याने २०११ च्या एका अभ्यासावर उभा आहे: ध्यान करणारे १६, तुलनेला १७, आणि गट यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून) पाडलेले नव्हते. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटाने दोनशेहून जास्त लोकांवर नीट गट पाडून तपासलं, तर मेंदूच्या रचनेत फरक आढळला नाही. डेव्हिडसन ध्यानाचे मोठे पुरस्कर्ते, तरी त्यांनी हा निकाल छापला. याला विज्ञान म्हणतात. रक्तदाबाबाबत अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये 'नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून विचार करावा' इतपतच म्हटलंय.

आता वर्गाचं. मांडी घालायचा आग्रह नको. पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पावलं जमिनीवर सपाट. सुरुवात १० मिनिटांनी. नाकपुडीशी श्वास जाणवू द्या, दहापर्यंत मोजा, मन भरकटलं की पुन्हा एकपासून. नवीन माणूस मुद्दाम खोल आणि भराभर श्वास घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि त्याला वाटतं 'ऊर्जा' जागी झाली. त्याला श्वास आपोआप चालू द्यायला सांगा. डुलकी लागत असेल तर डोळे अर्धे उघडे. जेवणानंतरची वेळ टाळा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उठताना मिनिटभर बसून मग उभं राहावं.

कातळकडा
एक राहिलं. वर्गात कोणी इगतपुरीचा विषय काढेलच. तिथलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर म्हणजे पहाटे ४ ला उठणं, मौन आणि दिवसाला सुमारे दहा तास बैठक. सायकोसिस (भास-भ्रम होण्याचा आजार) किंवा बायपोलरचा (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा) इतिहास असेल तर मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि अर्जात विचारलेली आजाराची माहिती लपवू नये. तुमच्या छोट्या वर्गातही कोणाची घबराट वाढली तर 'अजून बसा, निघून जाईल' असं म्हणू नका. डोळे उघडायला लावा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा, त्या दिवशी तिथेच थांबवा.

चाफेकळी
मग पत्रकात एवढंच ठेवते: 'नियमित ध्यानाने चिंता आणि ताण काही प्रमाणात कमी होऊ शकतो. चालू औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.' दुसरं वाक्य ठळक अक्षरात.