मुलांना विचारलंय का आधी?

बालसुधारगृहातल्या मुलांकडून एक मोठं म्युरल (भिंतीवरचं चित्र) करून घेऊया, टीमवर्क शिकतील, असं कुणीतरी सुचवलंय. आयडिया मस्तच, पण ते 'करून घेऊया' जरा खटकलं बघा. कोठडीतल्या मुलांसाठी संयुक्त राष्ट्रांचे १९९० चे नियम आहेत, त्यात कला-हस्तकलेला रोज वेळ द्या म्हटलंय, पण मुलाची इच्छा असेल तर! दिवसभर दुसऱ्यांच्याच शिट्टीवर उठणाऱ्या पोराला निदान रंग तरी स्वतः निवडू द्या की.

दुसरं म्हणजे तिथे ग्रुप टिकत नाही, आज आठ जण असतात, उद्या एकाला जामीन मिळतो, दुसऱ्याची कोर्टाची तारीख निघते, तिसरा दुसरीकडे हलवला जातो, म्हणून एकच महिनाभराचं चित्र घेतलं की ते हमखास अर्धवट राहतं. त्यापेक्षा छोटे छोटे चौकोन करायला द्या, ज्याचा त्याचा एका बैठकीत पूर्ण होईल असा, आणि मग सगळे जोडा. कात्री-कटर मोजून द्यावे-घ्यावे लागतात, त्यात अर्धा तास जातोच, तोही धरा.

आणि प्रदर्शनात पोरांची नावं-फोटो नकोत प्लीज. सही हवी तर टोपणनावाने करू देत.