जुनी मोटरसायकल घेताना ब्रेक आणि शॉकअपची तपासणी
जुनी मोटरसायकल घेताना मीटरचे रीडिंग आणि इंजिनाचा आवाज पाहावा, असे सुचवले जाते; ते योग्यच आहे. तथापि गाडीची खरी झीज ब्रेक आणि शॉकअपमध्येच (धक्के शोषणाऱ्या भागांत) अधिक स्पष्ट दिसते, असा माझा अनुभव आहे. मागचा ब्रेक ड्रमचा असल्यास पॅडल पूर्ण दाबून ब्रेकच्या आर्मवरचा (चाकाजवळ ड्रमच्या झाकणावर फिरणाऱ्या दांडीवरचा) बाण पाहावा. तो झाकणावरच्या खुणेपर्यंत पोहोचत असेल तर लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे अस्तर) संपले आहेत, मग विक्रेत्याने नट आवळून ब्रेक कितीही घट्ट करून ठेवलेला असो. डिस्क प्लेटवर किमान जाडी बहुधा कोरलेली असते. कडेला नख अडखळले, तर जाडी व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या साधनाने) मोजून घ्यावी, कारण झिजलेल्या प्लेटवर नवे पॅड बसवून गाडी दाखवणारे पुष्कळ असतात. पुढच्या शॉकअपच्या नळ्या नुकत्याच पुसलेल्या असू शकतात, म्हणून पुढचा ब्रेक धरून हँडल आठ-दहा वेळा जोराने दाबावे आणि नळीवर तेलाचे कडे उमटते का ते पाहावे. डबल स्टँडवर मागचे चाक डावी-उजवीकडे हलवताना खळखळ जाणवली, तर बेअरिंग किंवा चिमट्याचे (मागचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांडीचे) बुश गेलेले असण्याची शक्यता असते. त्याचा खर्च मेकॅनिककडून आधीच विचारून सौद्यातून वजा करून घ्यावा.