मदत हवी आहे: एकाच भांड्यातला बीफ खिमा-पास्ता तळाला लागतो

कामाच्या दिवसांत संध्याकाळी स्वयंपाकाला जेमतेम अर्धा तास मिळतो आणि जेवणानंतर भांड्यांचा ढीग घासायचं त्राण उरत नाही. म्हणून बीफचा खिमा, टोमॅटो आणि पास्ता एकाच भांड्यात शिजवायचा प्रकार मला मनापासून आवडतो. चव छान येते, पण पोत काही केल्या जमत नाही.

प्रमाण असं: खिमा ५०० ग्रॅम, पेने ३५० ग्रॅम, डब्यातले टोमॅटो ४०० ग्रॅम, एक मोठा कांदा, लसूण, ओरेगानो, शेवटी चीज. कांदा परतून त्यावर खिमा, मग टोमॅटो, पास्ता, त्याच्यावर दोन बोटं येईल इतकं पाणी आणि घट्ट झाकण. खिम्याला पाणी सुटतं आणि तो उकडल्यासारखा राखाडी दिसतो. पास्ता तळाला चिकटतो, वरचा मात्र आतून कच्चाच. तो शिजेपर्यंत थांबावं तर खालच्याचा गिचका. चीज घातलं की गुठळ्या होतात.

भांडं जाड बुडाचं आहे. प्रेशर कुकर सुचवू नका, मला मधेमधे चाखून बघायचं असतं. क्रम आणि पाण्याचं प्रमाण कोणी नीट सांगेल का?

प्रतिसाद १

आधी खिमा, कारण खरी चव तिथे आहे. मांस खरपूस व्हायला साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं आणि भांड्यात पाणी साचलेलं असेल तोवर ते १०० च्या आसपासच अडकतं. म्हणून कांद्याच्या आधी खिमा घाला. भांडं चांगलं तापवा, थोड्या तेलात खिमा पसरा आणि तीन-चार मिनिटं त्याला उलथनं लावू नका. खालची बाजू तपकिरी झाली की मगच फोडा. भांडं अरुंद असेल तर दोन खेपा करा, वेळ वाया जात नाही.

वेळ असेल तर खिम्याला छोटा अर्धा चमचा खाण्याचा सोडा चमचाभर पाण्यात विरघळवून चोळा आणि १५ मिनिटं ठेवा. मांस पाणी धरून ठेवतं आणि लवकर तपकिरी होतं. सोडा याहून जास्त नको, चव बिघडते.

मग कांदा, लसूण. त्यानंतर थोडं पाणी घालून तळाचा तपकिरी थर लाकडी उलथन्याने पूर्ण खरवडून घ्या. तो राहिला तर पास्ता आधी तिथेच धरतो, सुटला तर रश्शाला चव देतो.

प्रतिसाद २

दोन बोटं पाणी जास्त होतंय. तुमच्या प्रमाणाला ७०० मिली पुरे, तेही उकळतं. गार पाण्यात पास्ता नुसता भिजत पडतो आणि एकमेकांना चिकटतो. इथे पाणी गाळून टाकायचं नसतं, पास्त्यातला स्टार्च आतच राहून रस्सा दाट करतो, त्यामुळे जास्तीच्या पाण्याला जायला वाट नसते.

पास्ता घातल्यावर पहिली दोन मिनिटं सतत ढवळा, चिकटायचं ते तेव्हाच चिकटतं. मग आच कमी, झाकण थोडं तिरकं, आणि दर दोन मिनिटांनी तळापासून वर-खाली. टोमॅटोमुळे पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त धरा. मीठ सुरुवातीला बेताचंच, रस्सा आटतो.

चीज गॅस बंद करून, दोन मिनिटं थांबून, मूठ मूठ घाला. उकळत्या रश्शात त्यातली प्रथिनं आवळतात आणि तूप वेगळं सुटतं. वडीचं चीज ताजं किसलेलं बरं. पाकिटातल्या किसलेल्या चीजला कीस मोकळा राहावा म्हणून बहुधा स्टार्च लावलेला असतो, ते तितकं एकजीव होत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार, कारण कळलं की करायला सोपं जातं. खिम्याची सुटलेली चरबी काढायची का? आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी जास्तीचा केला तर?

प्रतिसाद १

मोठा चमचाभर चरबी ठेवा, कांदा त्यातच परता, बाकीची काढा. डब्याचा वाटा चीज घालायच्या आधीच बाजूला काढा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकतो. रात्रभरात पास्ता रस्सा पिऊन घेतो, तेव्हा गरम करताना थोडं पाणी घाला आणि चीज त्यानंतर.