२४० झेडला पाचवा गिअर बसवावा का?

मंडळी, नमस्कार.

मागच्या कार्यक्रमाला माझी जुनी डॅटसन बघायला पार्किंगमध्ये बरेच जण थांबले होते, म्हणून इथे विचारतो. गाडी १९७१ ची २४० झेड, चार गिअरची. हायवेला ताशी ७० मैलांवर इंजिन मिनिटाला ३,२०० फेऱ्यांच्या पुढे ओरडत असतं, आणि शेजारी बसलेल्या माणसाशी हातवारे करून बोलावं लागतं. १९८१ ते ८३ च्या २८० झेडएक्स या नंतरच्या मॉडेलमधला पाच गिअरचा बॉक्स मिळतोय. "आहे तसा बसतो" असं सगळे म्हणतात, आणि सगळे म्हणतात म्हणूनच धास्ती वाटते. कुणी केलंय का?

— झेडवाला

*

अरे, केलंय. बसतो. बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा मूळ प्रोपेलर शाफ्टही चालतो. तेव्हा जपानच्या फेअरलेडी झेडला पाच गिअर मिळायचे आणि अमेरिकेला चारच धाडले, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. असो.

पण बसतो का, यापेक्षा बसल्यावर गाडी कशी चालेल ते आधी बघ. झेडएक्सच्या बॉक्सचा पाचवा गिअर ०.७४५ चा, म्हणजे शाफ्टच्या एका फेरीला इंजिनाच्या ०.७४५ फेऱ्या. तुझा मागचा डिफरन्शियल (शाफ्टची फिरकी मागच्या चाकांना देणारा गिअरचा डबा) ३.३६ चा असेल, तर ७० मैलांना इंजिन साधारण २,४०० वर येईल. ऐकायला छान वाटतं. आता पहिला गिअर बघ. तुझ्या जुन्या बॉक्सचा पहिला ३.५५ च्या आसपास, नव्याचा ३.०६. डिफरन्शियलने गुणलं की जुना होतो १२ आणि नवा १०.३. म्हणजे प्रत्येक सिग्नलला गाडी उचलताना क्लच घासायचा, चढावर जास्तच. पाचव्यातही जरा चढ आला की चौथा टाकावा लागेल, मग पाचवा शोभेला.

३.९ चा डिफरन्शियल टाकलास तर पहिला परत १२ वर येतो, जुन्यासारखाच, आणि पाचव्यात ७० ला इंजिन २,८०० वर. मधले गिअरही एकमेकांच्या जवळ येतात, सरळ सहा सिलिंडरच्या त्या इंजिनाला ते मानवतं. नुसता बॉक्स बदलणं म्हणजे अर्धं काम, असं माझं मत. आर२०० हा मोठा डिफरन्शियल टाकणार असशील तर शाफ्ट जोडायच्या फ्लँजची भोकं आणि शाफ्टची लांबी आधी मोज. स्पीडोमीटर फिरवणारा पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, बॉक्सच्या शेपटाकडे असतो, डिफरन्शियल बदलला की तोही बदलायचा.

बॉक्समध्ये तेल जीएल-४ दर्जाचं घाल. जीएल-५ मधलं गंधक सिंक्रोच्या (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी कड्यांना खातं. दुकानदार "दोन्ही एकच" म्हणाला तरी ऐकू नकोस.

— काका

*

सूचना: कार्यक्रमाच्या नावनोंदणीचा धागा वेगळा आहे, तिथे आतापर्यंत तीनच उत्तरं आली आहेत. गिअरबॉक्सला जेवढा उत्साह आहे, तेवढा तिकडेही दाखवावा.

— सचिव

*

काका, दोन्ही टाकले, बॉक्स आणि ३.९. बॉक्सला खालून धरणाऱ्या मागच्या क्रॉसमेंबरची भोकं जुळेनात, कानस घेऊन लांबट केली. झेडएक्सचा गिअरचा दांडा कन्सोलला घासत होता म्हणून जुना वाकडा दांडा लावला.

पण इंजिन चालू असताना रिव्हर्स पडतच नाही. टाकायला गेलं की कर्रर्र. इंजिन बंद करून सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. क्लच पूर्ण दाबलेला असतो. क्लचच्या तेलातली हवा दोनदा काढली. बॉक्सच खराब निघाला का?

— झेडवाला

*

बॉक्स चांगला असणार. इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात ना? मग क्लचच सुटत नाही. बॉक्समधला शाफ्ट फिरत राहतो, आणि रिव्हर्सला सिंक्रो नसतो म्हणून तिथे आधी कळतं.

क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग ज्या कॉलरवर असतं, तो कॉलर कुठला लावलास? बॉक्ससोबत झेडएक्सचा आलेला तसाच ठेवला असशील. आमच्या घरी हेच झालं होतं. कॉलर बॉक्सशी जुळवायचा नसतो, क्लचची चकती दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटशी जुळवायचा असतो. तुझी प्लेट जुन्या गाडीची, कॉलर दुसऱ्या प्लेटसाठी बनवलेला आखूड. क्लच ढकलणाऱ्या खालच्या छोट्या सिलिंडरची चाल ठरलेली असते, ती प्लेटपर्यंत पोचण्यातच संपते. पेडल कितीही दाब. जुना कॉलर फेकला नसशील अशी आशा करते.

बॉक्स परत काढताना एकट्याने उचलू नकोस आणि तो इनपुट शाफ्टवर (क्लचमध्ये घुसणाऱ्या पुढच्या शाफ्टवर) लोंबकळू देऊ नकोस, क्लचची चकती जाईल. काढलाच आहेस तर क्रँकच्या टोकातला छोटा बुशही नवा घाल.

— ताई

*

ताई, जुना कॉलर भंगाराच्या डब्यात तळाशी सापडला. दोन्ही शेजारी ठेवले तर फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो, आधीच ठेवून बघायला हवे होते. बॉक्स उतरवून परत चढवायला दोन शनिवार गेले. बुश बदलला. रिव्हर्स आता बोटाने पडतो. ७० ला २,८०० च्या जरा वर, काकांच्या हिशेबाप्रमाणे.

फक्त काकांचं पिनियनचं वाक्य वाचून मी विसरलो आणि चार गिअरवाल्याचा जुनाच लावला. त्यामुळे काटा सोळा टक्के पुढे पळतो, ७० दाखवतो तेव्हा गाडी ६० वर असते. म्हणजे वरचा ७० चा आकडा फोनच्या जीपीएसचा. जास्त दातांचा पिनियन कुणाकडे पडून असेल तर कळवा. नावनोंदणीही केली आहे.

— झेडवाला