जुन्या गाड्या लोखंडामुळे टिकल्या म्हणणाऱ्यांनो, मग स्टँडर्ड 2000 कुठे गेली?

नानापेठी
काल एकाने जुन्या पद्मिनीचा फोटो टाकून लिहिलं की "तेव्हा गाड्या लोखंडाच्या होत्या, आता पत्र्याचे डबे, म्हणून जुन्या अजून धावतात आणि नव्या दहा वर्षांत भंगारात." खाली नुसता बदामांचा पाऊस. तिथे लिहिलं असतं तर वाहून गेलं असतं म्हणून वेगळा धागा.

लोखंडावर टिकायचं असतं तर स्टँडर्ड 2000 आज गल्लोगल्ली दिसली असती. रोव्हरची बॉडी, भक्कम, महाग. 1985 ला आली आणि तीनेक वर्षांत गाशा गुंडाळला, आता दाखवा एक. प्यूजो 309 आपल्या कल्याणला बनायची, गेली. सिएलो गेली, ऑपेल अॅस्ट्रा गेली. यातली एकही गाडी भिकार नव्हती हो. आणि मॅटिझ-सँट्रो बघा, दोन्ही 1998 च्या, दोन्ही कोरियन, दोन्ही उंच टोपी घातल्यासारख्या. सँट्रो अजून भाजी आणायला जाते आणि मॅटिझ दिसली तर लोक वळून बघतात. का? मॅटिझ बनवणारी देवू बुडाली, पार्ट मिळेनात, फिटर हात लावेनात, मालकांनी मिळेल त्या भावाला काढल्या. बास.

तुमची गाडी टिकते कारण तिच्या बहिणी भंगारात पडल्यात आणि त्यांचे दरवाजे, काचा, गिअरबॉक्स तुम्हाला मिळतायत. मारुती 800 चं 796 सीसीचं इंजिन ओम्नीत 2019 पर्यंत येत होतं, मग पार्टला काय तोटा?

सातारी लोखंड
तो फोटो माझाच होता, नाव घ्यायला लाजू नका. वडापमध्ये, म्हणजे खेड्यापाड्यातल्या प्रवासी जीपमध्ये, कधी बसलायत का साहेब? कमांडर नाहीतर ट्रॅक्स, आत माणसं कोंबलेली, मागे फूटबोर्डवर लोंबकळणारी वेगळी, टपावर पोती आणि रस्ता म्हणजे ओढा, असल्या हालात वर्षानुवर्षं चालल्यात त्या. तुमची सँट्रो घाला तिथे. चासी पाहिजे चासी, बॉडीखालचा वेगळा लोखंडी सांगाडा, जी अॅम्बेसेडरला आणि पद्मिनीला होती. आताच्यांना बोटाने दाबलं तरी पोचा येतो.

उद्यमनगर कोल्हापूर
भावा अॅम्बेसेडरला वेगळी चासी नसती. पद्मिनीलाबी नाही. दोन्ही एकसंध बॉडीच्या, आताच्या गाड्यांसारख्याच. वेगळी चासी जीप, सुमो, क्वालिस, जिप्सीला.

पण नानापेठीचंबी सगळं खरं नाही. क्वालिस 2005 ला बंद झाली, तरी अजून लांबच्या भाड्याला जातीय. का तर जवळजवळ अडीच लिटरचं डिझेल, टर्बो नाही, आणि त्यातनं काढलेत फक्त 75 घोडे. इंजिनाला ताणच नाही. आता निम्म्या इंजिनातनं तेवढेच घोडे काढत्यात, मग एक टर्बो गेला की मालक गाडी विकायच्या गोष्टी करतोय. आमच्याकडं जुनं हेड घासून, बोअर करून, ओव्हरसाइज पिस्टन टाकून इंजिन परत उभं राहतंय. आताच्या इंजिनाचं कंट्रोल युनिट, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, लेथला लावता येत नाही. एका शोरूमनं आमच्या दाजींना नुसत्या एका वायरसाठी अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, बदलायला सांगितला, बिल बघून दाजी तिथंच खाली बसले.

कर्लीकाठ
तुम्ही घाटावरचे लोक इंजिनाचंच बोलणार. आमच्याकडे मालवणला इंजिन मरत नाही रे, फरशी मरते. माझ्या ओम्नीचं इंजिन ठणठणीत आणि ड्रायव्हरच्या पायाखाली रस्ता दिसायला लागला. खारी हवा, चार महिने पाऊस आणि वर मासळीच्या क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी मॅटखाली मुरत राहतं. म्हणून पावसाआधी खालून जळकं ऑइल मारून घ्यायचं, आमच्या वडिलांपासून चालू आहे. लातूर-सोलापुरातली 800 आणि वेंगुर्ल्यातली 800 शेजारी उभी करा आणि मग शिकवा कंपनी कुठली आणि पार्ट कुठले.

सोनाली नाशिक
जळकं ऑइल??? अहो त्याने सस्पेन्शनचे रबरी बुश फुगून मऊ पडतात, आणि ते सगळं पहिल्या पावसात धुऊन विहिरीत जातं ते वेगळंच. दाराच्या आणि सिलच्या, म्हणजे दाराखालच्या उंबऱ्याच्या, खाली पाणी जायची छोटी भोकं असतात, ती तुमच्या लाल मातीने बुजतात आणि पत्रा आतून सडतो. तिथे बाहेरून फवारलेलं ऑइल पोचतच नाही. भोकं तारेने मोकळी करा, मॅट काढून फरशी वाळवा, फुकटचं काम आहे.

कर्लीकाठ
ताई जुलैमध्ये आमच्याकडे या आणि फरशी वाळवून दाखवा. कपडे वाळत नाहीत इथे. 😀

सातारी लोखंड
ऑइलपेक्षा काळं अंडरकोटिंग करा, कायमची कटकट जाते.

सोनाली नाशिक
गंज आधीच लागला असेल तर त्यावर अंडरकोटिंग म्हणजे ओलावा आत कोंडून ठेवणं. वरून काळं कुळकुळीत, आतून भुगा. मी गाडी घेतली तेव्हा एजंट नेमकं तेच कौतुकाने दाखवत होता. घरी आणून स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर थेट आत.

कर्लीकाठ
म्हणजे ऑइल वाईट, कोटिंग वाईट, गाडी काय देवघरात ठेवू? तुम्ही नाशिकच्या कोरड्या हवेत बसून आम्हाला गंज शिकवू नका. तुमच्याकडे गंज म्हणजे गेटच्या कडीला लागतो तो.

सोनाली नाशिक
माहेर रत्नागिरीचं आहे माझं. गंज तुमच्याइतकाच पाहिलाय, फक्त त्यावर ऑइल ओतून अभिमान बाळगला नाही.

नानापेठी
धागा तेलाचा घाणा झालाय. विषय काय होता?

टॅक्सीवाल्याचा नातू
विषयच घ्यायचा तर घ्या. सगळे लोखंड, पार्ट, गंज करताय, मुंबईतली काळीपिवळी पद्मिनी कशाने गेली? कुर्ल्याला तिचं उत्पादन बंद पडून वीसेक वर्षं झाली होती तरी पार्ट मिळत होते, फिटर होते, रोज उन्हापावसात धावत होती. शेवटची 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत पास झाली, म्हणजे टॅक्सी म्हणून नोंदली गेली, आणि टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर 2023 मध्ये खेळ खल्लास. इंजिनाला कोणी विचारलं नाही. खासगी गाडीचंही तेच होणार. 15 वर्षांनी पुन्हा पासिंग करायचे 600 होते, एप्रिल 2022 पासून 5000 झाले, 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या कारला 10,000. वर ग्रीन टॅक्स, म्हणजे जुन्या गाडीवरचा प्रदूषणाचा कर. ज्या 800 ची किंमतच तीस-चाळीस हजार तिला हा खर्च कोण करेल? टिकेल ती जिच्यावर मालकाचा जीव आहे किंवा जी रोज पैसे कमावते.

नानापेठी
नियमाने मेलेली गाडी आणि आपोआप मेलेली गाडी यात फरक आहे की नाही? मॅटिझला कुठल्या कायद्याने मारलं? आणि मुंबईत 20 वर्षं पुरी होईपर्यंत पद्मिनी जगली ती पार्टमुळेच, तुम्हीच आत्ता लिहिलंत, "पार्ट मिळत होते, फिटर होते". धन्यवाद.

टॅक्सीवाल्याचा नातू
घ्या, लावा पदक छातीला. आजोबा दर रविवारी स्वतः टॅपेट सेट करायचे, ग्रीस मारायचे, तेही तुमच्या भंगारवाल्याच्या खात्यात टाका.

सातारी लोखंड
चासीचं मी दोघातिघांना विचारलं. नसते म्हणे. बरं. पण पत्रा जाड होता हे कोणी नाकारू नये, आणि मॅटिझ ही गाडी मला तेव्हाही खेळण्यातली वाटायची.

उद्यमनगर कोल्हापूर
जाड पत्रा सडायला जास्त वेळ घेतोय एवढं तुझं खरं.

कर्लीकाठ
भांडण झालं असेल तर एक काम आहे. ओम्नीच्या सरकत्या दाराचा खालचा रोलर झिजलाय, इथे जो मिळतो तो दोन महिन्यांत तुटतो. कोल्हापुरात चांगला बनेल का?

उद्यमनगर कोल्हापूर
बनंल की. जुना नमुना घेऊन ये, लेथवर करून देतो. फक्त ऑइल पुसून आण, नाहीतर नाशिकच्या ताई मलाबी बोलतील.