टीएनएफ रोखला की हृदय वाचतं? कुणी सांगितलं?

अनघा: "टीएनएफ-अल्फा (शरीरात सूज वाढवणारं प्रथिन) हृदयाच्या पेशींना आत्महत्या करायला लावतो, तो रोखला की हार्ट फेल्युअर आटोक्यात," असं समीरने कालच्या लेखात ठोकून दिलंय. राहवेना म्हणून लिहितेय. या प्रथिनाचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवर ते जिथे चिकटतं त्या जागा, दोन. पहिल्याला आतल्या बाजूने 'डेथ डोमेन', म्हणजे मरणाचा निरोप पुढे देणारा भाग, असतं. तिथे कॅस्पेस-८ हे एन्झाइम जागं होतं, मग कॅस्पेस-३ पेशी आतून मोडून काढतं. पण त्याच रिसेप्टरवरून एनएफ-कप्पा-बी हा जनुकं चालू करणारा घटकसुद्धा चालू होतो आणि पेशीला जगवणारी प्रथिनं बनवून घेतो. दुसऱ्या रिसेप्टरला डेथ डोमेनच नाही. दोन्ही रिसेप्टर नसलेल्या उंदरांत हार्ट अटॅकनंतर हृदयाचा जास्त भाग मेला. हे लेखात का नाही?

समीर: उंदरांचं उंदरांपाशी ठेवा. गंभीर हार्ट फेल्युअरमध्ये रक्तातला टीएनएफ वाढलेला असतो, हे १९९० पासून माहीत आहे.

अनघा: मग माणसांचं घ्या. 'अटॅच' चाचणी, २००३, १५० रुग्ण. वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम इन्फ्लिक्सिमॅब (टीएनएफ रोखणारं औषध) दिलेल्यांत मृत्यू आणि हार्ट फेल्युअरसाठी भरती यांचं प्रमाण वाढलं.

वैशाली: माझ्या आईला संधिवातासाठी हेच औषध चालू केलं. तिचं हृदय आधीच कमजोर होतं, पण सुरू करताना कुणी विचारलंसुद्धा नाही. पायांवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा, रात्री उशीला टेकून बसायची. मला अजून संताप येतो.

रोहन: वैशालीताई, आईंचं वाईट वाटलं, पण अशाने लोक चांगलं औषध सोडतात. याच औषधाने माझी बोटं मिटायला लागली, शर्टाची बटणं मी स्वतः लावतो. आणि संधिवाताची सूज हृदयाला घातक नसते का?

वैशाली: औषध सोडा असं मी कुठे म्हटलं? नीट वाचा! आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, एवढंच म्हणतेय.

रोहन: बरं, इकोचं मान्य. पण सूर घाबरवणाराच होता.

मकरंद: मूळ मुद्द्यावर या. उंदरांवरच्या एका प्रयोगात एका वेळी हृदयाच्या जेमतेम ०.०२३ टक्के पेशी अशी आत्महत्या करत होत्या, तरी उंदरांची हृदयं फुगून ते मेले. कॅस्पेस रोखल्यावर फुगणं बरंच टळलं. म्हणजे पेशींचं मरण किरकोळ नाही, इथे समीर बरोबर आहे.

समीर: निदान एकाने तरी वाचलं. ठीक आहे, 'आटोक्यात' हा शब्द काढतो. पण मग फक्त पहिलाच रिसेप्टर रोखला तर?

अनघा: हा प्रश्न धरून लेख लिहिला असता, तर मी भांडायला आलेच नसते.